जुन्या चित्राच्या बिड्या

देवरीच्या बाजारात चैतरामच्या दुकानासमोर टेम्पो उभा करून इंद्रकुमार खाली उतरला, आणि रामराम म्हणायच्या आतच चैतरामनं त्याच्या कॉलरला हात घातला.

"आला का? ये! सकाळपासून तुयीच वाट पाहून राहिलो."

इंद्रकुमारला आधी वाटलं, थट्टा चाललीय. चैतराम देवरीतला ठोक दुकानदार. देवरीपासून पार चिचगडपर्यंतच्या टपऱ्यांवर डोंगा छाप बिडी पोचायची ती त्याच्याच दुकानातून, इंद्रकुमारच्या बापाच्या काळापासून. पण कॉलर काही सैल होईना. चैतरामचे डोळे लाल झाले होते. त्यानं इंद्रकुमारला ओढत दुकानात नेलं आणि फळ्यांकडे बोट केलं. फळ्या रिकाम्या होत्या.

"काल सरकारी पथक आलं होतं. डोंगा छापचा एक बिडीकट्टा उचलला, धोक्याचं चित्र पाह्यलं. जुनं चित्र! म्हणे नवीन चित्राची तारीख कवाच होऊन गेली. आन तू मूर्खा, माल बनवल्याच्या तारखेचा शिक्का मारून देल्ला वरून! सारा माल जप्त. दंड मले, केस मायावर. अख्ख्या बाजारासमोर मी चोर ठरलो."

"चैतरामभाऊ, मुदत वाढली होती ना जी. सगळेच म्हणत होते..."

"कोण सगळे? बलाव ना त्या सगळ्यांले अठी!"

चैतरामनं त्याला असं ढकललं की इंद्रकुमार पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर तोंडघशी पडला. वरचा ओठ फाटला. तो उठून बसेपर्यंत चैतरामचे दोन हमाल टेम्पोवर चढले होते. आज आणलेला ताजा माल त्यांनी पोत्यापोत्यानं रस्त्यात फेकायला सुरुवात केली. पोत्यांची तोंडं सुटली, लेबल लावलेले बिड्यांचे कट्टे उधळले. "नको जी, नको" म्हणत इंद्रकुमार एका हमालाच्या पायाला झोंबला, तर त्यानं दुसऱ्या पायाची लाथ त्याच्या छातीत घातली. इतक्यात धानाची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पण थांबला नाही. चाकं कट्ट्यांवरून गेली. डांबरावर पानांचा चुरा झाला, तंबाखू उडाली, आणि त्या चुऱ्यात जिथं पाहावं तिथं तोच एक माणूस दिसत होता. गळ्याला भोक पडलेला, नजर थेट समोर लावलेला, सरकारी चित्रातला माणूस.

"पुन्हा या बाजारात दिसला तं टेम्पोसकट जाळीन," चैतराम ओरडला.

लोक जमले होते. हसत कोणी नव्हतं, पण वाकून एक कट्टा उचलायलाही कोणी पुढं आलं नाही. इंद्रकुमारनं टेम्पो सुरू केला. हँडलवर ओठाचं रक्त टपकत होतं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

घरी, आमगावपर्यंतचा रस्ता उन्हानं नुसता भाजत होता. इंद्रकुमार बिसेनला गावात कोणी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. बापाचा मार त्यानं खाल्ला होता, पण स्वतःच्या पोरांवर हात टाकला नव्हता. आज मात्र छातीतला लाथेचा ठणका आणि डोक्यातली आग एकमेकांत मिसळून वर येत होती.

डोंगा छाप त्याच्या आजानं काढली. तेव्हा लेबल दोनच रंगांत छापायचं, हिरव्या नि लाल. मधोमध डोंगा, लाकूड कोरून केलेली होडी, तीत उभा ढिवर, म्हणजे मासेमार, हातात बांबू. माणसाला अक्षरओळख नसली तरी डोंगा पाहून तो बिडी मागायचा. पुढं सरकारनं धोक्याचं चित्र टाकायला लावलं. आधी छोटं होतं, मग ते वाढत वाढत जवळजवळ सगळ्या लेबलावर पसरलं, आणि डोंगा कोपऱ्यात नखाएवढा उरला. इंद्रकुमारनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. त्याचा बाप छातीच्या दुखण्यानंच गेला होता. चित्र खोटं आहे असं म्हणायला त्याचं तोंड नव्हतं. पण चित्र एकदा टाकून भागत नव्हतं. ठरल्या मुदतीनं ते बदलायचं. नवीन चित्र, नवीन मजकूर, नवीन प्लेटा, चार रंग. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे छापखाने. त्यांच्याकडे तारखेच्या आधीच नवीन लेबल तयार. इंद्रकुमारसारख्यानं थोडं छापावं तर परवडत नाही, आणि वर्षाचं एकदम छापावं तर चित्र बदललं की उरलेला ढीग रद्दी. या खेपेला तारीख जवळ आली तेव्हा मुदत वाढल्याची बातमी सगळीकडे फिरत होती. त्यावर विसंबून त्यानं जुन्याच चित्राचं वर्षाचं लेबल छापून घेतलं होतं. मुदत वाढली नव्हती.

त्याच्या बिडी कारखान्याच्या फाटकापाशी बाया जमलेल्या होत्या. आज बिड्या जमा करायचा दिवस. घरी वळलेल्या बिड्या टोपल्यांत घालून आसपासच्या गावांतल्या बाया आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं सावित्रीबाई, इंद्रकुमारच्या आईच्या वेळेपासून बिड्या वळणारी, उंच आणि हाडकुळी. बोलण्याआधी खोकायची तिला सवय होती.

"काऊन जी, कुठी होते? उन्हात वाळून राहिलो आमी."

"आज माल घेत नाही," इंद्रकुमार म्हणाला. "जा घरी."

"घेत नाही म्हणजे?"

"लेबल चुकीचं आहे. नवीन छापून आल्याबिगर एक कट्टा बाहेर जात नाही. काम बंद."

बायांमध्ये गलका उठला. एकीनं विचारलं, किती दिवस. इंद्रकुमारला माहीत नव्हतं. तो फाटक ओढून घ्यायला लागला, तर सावित्रीबाईनं टोपली फाटकाच्या फटीत घातली.

"तुमचं चित्र चुकलं त्याले आमी काय करावं? पान तुमी देल्लं, तंबाखू तुमी देल्ली, बोटं आमची झिजली. बिडी चुकली का? पाहा, एक तरी खराब म्हणून छाटून दाखवा!"

"टोपली काढ."

"नाही काढत."

इंद्रकुमारनं टोपलीला लाथ मारली.

का मारली ते त्यालाही कळलं नाही. पाय उचलला गेला. टोपली उलटी होऊन बिड्या धुळीत पसरल्या. मग सावित्रीबाईनं कमरेला खोचलेला फर्मा काढला, पान कापायचा तो लोखंडी पत्रा, आणि फेकून मारला. तो भुवईवर लागला. डोळ्यात रक्त उतरलं तसा इंद्रकुमार आंधळ्यासारखा पुढं धावला, तिचा दंड धरला आणि तिला हिसडलं. ती काटकुळी बाई भिंतीवर आदळून खाली बसली. बाकीच्या बाया त्याच्यावर तुटून पडल्या. कोणी केस धरले, कोणी पाठीत चपलेनं हाणलं, कोणी त्याच्या हाताला दात लावले. टोपल्या तुडवल्या जात होत्या. पत्र्याच्या फाटकावर दगड वाजत होते.

दुर्गेश्वरी, त्याची बायको, आतून धावत आली. बायांना बाजूला सारून तिनं नवऱ्याला मागं खेचलं आणि त्याच्यापुढं उभी राहिली. दगड थांबले.

"सावित्रीमावशीवर हात उचललात?" तिनं त्याला विचारलं. "तिनं तुमाले मांडीवर खेळवलं."

सावित्रीबाई भिंतीला टेकून खोकत होती आणि खोकतानाच धुळीतल्या बिड्या वेचत होती. ते इंद्रकुमारला पाहवेना.

"छापणाऱ्याले विचारा ना जाऊन," दुर्गेश्वरी म्हणाली. "श्यामलालभाऊजींचा तं धंदाच आहे हा. चित्र बदललं हे त्याईले माहीत नव्हतं का?"

ती एवढंच म्हणाली. पण इंद्रकुमारला कोणाकडे तरी जायचंच होतं. भुवईला दुपट्टा बांधून तो तसाच टेम्पोत बसला आणि गोंदियाच्या रस्त्याला लागला.

श्यामलाल आणि तो आमगावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं श्यामलालनं गोंदियाला बाजारात छापखाना टाकला, तेव्हा पहिलं काम त्याला डोंगा छापनं दिलं होतं. खाली छापखाना, वर घर. लग्नपत्रिका, बिलबुकं, पापडाची पाकिटं, पोह्यांच्या पिशव्यांवरचे कागद, आणि आजूबाजूच्या पाच-सहा छोट्या बिडीवाल्यांची लेबलं. मुलगी चेतना कॉलेज करून बापाच्या हाताखाली काम करायची. त्या वेळी ती कटिंग मशीनवर पत्रिका कापत होती. मशीन जुनं, बाजूला मोठं चाक, वरून उतरणारं रुंद पातं, आणि दांडा ओढला की पातं खाली. पात्यापुढची संरक्षक जाळी कधीच काढून ठेवलेली, कारण तिच्यामुळं हात अडायचा.

"चल, बाहेर ये," इंद्रकुमार दारातूनच म्हणाला.

श्यामलालनं वर पाहिलं. मित्राचा फाटलेला ओठ, कपाळाचा रक्तानं भिजलेला दुपट्टा पाहून तो उठला. "अबे, काय झालं? कोणं मारलं?"

"तू मारलं. तुयाच चित्रानं मारलं. मुदत वाढली म्हणून कोण म्हणला होता बे?"

श्यामलालचा चेहरा बदलला. सकाळपासून त्याच्याकडे हा तिसरा माणूस आला होता. भिंतीशी लेबलांचे गठ्ठे परत येऊन पडले होते. एकानं तर येताना काउंटरची काच फोडली होती. काचेचे तुकडे अजून कोपऱ्यात लोटून ठेवलेले होते.

"तू म्हणला होता," तो म्हणाला.

"मी?"

"हो, तूच. या खुर्चीवर बसून. मी तुले विचारलं, नवीन चित्राची प्लेट बनवू का? महिनाभर थांबून पाहू का? तू म्हणला, कायले फालतू खर्च, मुदत वाढून राहिली, जुन्यावरच छाप, सालभराचं छाप. म्हणला का नाही?"

"मी इथंच होते, काका," मशीनपाशी उभी चेतना म्हणाली. "तुम्ही चहा पिता पिता म्हणालात."

इंद्रकुमारला आठवलं. चहा आठवला, चहात पडलेली माशी आठवली, ती बोटानं काढून त्यानं "छाप रे" म्हटलेलं आठवलं. देवरीपासून ज्याच्यावर टाकायचं म्हणून तो सगळा राग उराशी घेऊन आला होता, तो समोर उभा होता आणि त्याची काहीच चूक नव्हती. तिथंच त्यानं परत फिरायला पाहिजे होतं. पण चूक आपलीच निघाली म्हटल्यावर राग विझला नाही, उलट भडकला.

"धंदा तुया आहे! तुले माहीत पायजे! मी बिडीवाला, मले कायद्यातलं काय समजते?"

"आन मले समजते? मी काय वकील आहो? रोज एक नवीन निघते. पापडवाल्याचं लेबल बदललं, पोहेवाल्याचं बदललं, आता वजन असं लिहा, आता किंमत तशी लिहा. जो येते तो मायाच गळ्याले हात घालते. कागदाचे मीच द्यायचे, प्लेटाचे मीच द्यायचे, आन शिव्या बी मीच खायच्या?"

"शिव्या नाही देऊन राहिलो मी," इंद्रकुमार म्हणाला आणि श्यामलालच्या कानशिलात लगावली.

श्यामलाल धिप्पाड गडी. त्यानं इंद्रकुमारला दोन्ही हातांनी उचलून गठ्ठ्यांवर आपटलं. शाईचा डबा उलटला. दोघंही लहान पोरांसारखे फरशीवर लोळले, एकमेकांच्या तोंडात कोपर, पोटात गुडघे. "बाबा! काका! सोडा!" चेतना ओरडत होती. श्यामलालला धाप लागली आणि त्याची पकड सुटली. इंद्रकुमार उठला. त्याचे हात शाईनं काळे झाले होते, आणि समोर, हात पुरेल तिथं, लेबलांचे गठ्ठे होते.

"ठेवतच नाही एक बी!" तो म्हणाला.

त्यानं गठ्ठा उचलला, चेतनाला खांद्यानं बाजूला ढकललं, पत्रिका खाली फेकल्या आणि गठ्ठा पात्याखाली सरकवला. दांडा ओढला. पातं खाली आलं, गळ्याला भोक पडलेल्या माणसाचे दोन तुकडे झाले. त्यानं ते हातानं झटकून दुसरा गठ्ठा उचलला. त्या आवाजात त्याला बरं वाटत होतं. सकाळपासून पहिल्यांदाच मार दुसऱ्या कशाला तरी बसत होता.

"अबे तो नको! तो नको!" श्यामलाल धावला. "ते भंडाऱ्याच्या पार्टीचे आहेत! नवीन चित्राचे आहेत, उद्या द्यायचे आहेत!"

गठ्ठा पात्याखाली गेला होता. श्यामलालनं तो बाहेर ओढायला हात घातला.

इंद्रकुमारनं दांडा ओढला.

आवाज तसाच आला, जसा पहिल्या गठ्ठ्याचा आला होता. त्यामुळं क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. श्यामलालनं हात मागं घेतला आणि त्याकडे पाहत राहिला. उजव्या हाताची तीन बोटं तिथं नव्हती. मग रक्त उसळलं, नवीन चित्रावर, भिंतीवर, इंद्रकुमारच्या तोंडावर. श्यामलाल ओरडला नाही. त्याच्या घशातून नुसती हवा बाहेर पडली आणि तो गुडघ्यांवर बसला.

ओरडली ती चेतना. मशीनचे नटबोल्ट आवळायचा वीतभर लांबीचा पाना तिच्या हाताशी होता. तिनं तो उचलला आणि इंद्रकुमारच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तिनं दुसरा घाव त्याच जागी घातला, तिसरा गुडघ्यावर. तो पडला. चौथा घाव डोक्यात बसला असता, पण तेवढ्यात पुष्पाबाई, श्यामलालची बायको, जिन्यावरून खाली आली आणि लेकीच्या कमरेला मिठी मारून लटकली.

"चेतना! बाप मरून राहिला तिकडं! सोड त्याले, बापाले पाहा!"

पाना खाली पडला. त्यानंतर सगळे झपाट्यानं हलले. कपाळाचा दुपट्टा सोडून इंद्रकुमारनं एका हातानं पुढं केला, पुष्पाबाईनं तो हिसकावून नवऱ्याच्या मनगटाला आवळला. चेतनानं कापलेल्या कागदांतून बोटं शोधली. रसवंतीवाल्याकडून बर्फ आला. ऑटोत मागं श्यामलाल, पुष्पाबाई आणि चेतना बसले. ऑटोवाल्यानं फरशीवर पडलेल्या इंद्रकुमारकडे पाहून विचारलं, "इनका क्या?" पुष्पाबाईनं तोंड फिरवलं, तेव्हा त्यानंच त्याला काखेत धरून पुढं आपल्याजवळ बसवलं. सरकारी दवाखान्यापर्यंत खड्डा आला की मागून श्यामलाल आणि पुढून इंद्रकुमार एकदमच कण्हत होते.

श्यामलालला तिथूनच नागपूरला हलवलं. एक बोट लागलं, तेही ताठ राहिलं. दोन गेली ती गेलीच. इंद्रकुमारच्या गळ्याखालचं हाड दोन जागी मोडलं होतं. गुडघ्याची वाटी फुटली होती.

श्यामलालला नागपूरला न्यायची गाडी येईपर्यंत गोंदियाच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दुर्गेश्वरी आणि पुष्पाबाई समोरासमोर आल्या. दुर्गेश्वरी हात जोडून पुढं गेली, तर पुष्पाबाईनं तिचे ते जोडलेले हात झटकले आणि तिला भिंतीशी दाबलं. "तुया नवऱ्याचे हात तोडून मले आणून दे, मग हात जोड!" नर्सनं दोघींना सोडवलं. पण पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा याच दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, कारण जबाब लिहायच्या आधीच हवालदारानं सरळ सांगितलं होतं, की बोटं तोडल्याची केस झाली तर पोरीनं पान्यानं मारल्याचीही होईल. ज्याचं हाड मोडलं तोही जबाब देईल.

पुष्पाबाईनं लेकीकडे पाहिलं. चेतना खिडकीशी उभी होती. तिच्या सलवारीवर बापाचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"काम करता करता कापली," पुष्पाबाई हवालदाराला म्हणाली. "मशीन जुनी आहे."

"आमचे हे मशीनवरून पडले," दुर्गेश्वरी म्हणाली.

हवालदारानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, तेवढंच लिहून घेतलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

इंद्रकुमार घरी आला तो काठी घेऊन. कारखाना बंदच होता. नवीन चित्राचं लेबल छापून घ्यायचं तर दुसरा छापखाना शोधावा लागणार होता, आणि ते त्याच्यानं होईना. दुर्गेश्वरीनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो उठून मागच्या वाडीत गेला. हळूहळू बाया तुटल्या. एका मोठ्या कंपनीचा ठेकेदार गावागावात फिरून पान-तंबाखू वाटत होता. सावित्रीबाईही त्याच्यासाठी बिड्या वळायला लागली. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा इंद्रकुमारनं काठी टेकून वाकायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "राहू द्या. पाय दुखन तुमचा." आणि निघून गेली. त्यात राग होता की दया, त्याला ओळखता आलं नाही.

उरलेला माल विकता येत नव्हता आणि ठेवताही येत नव्हता. पाहणीला आलेल्या पथकातला माणूस सांगून गेला होता, जुन्या चित्राचा एक कट्टाही बाहेर दिसला तर कारखान्याला कायमचं सील लागेल. म्हणून पऱ्ह्यांचे, धानाची रोपं लावायचे दिवस सुरू झाले तेव्हा, सगळे लोक शेतात, बांधीत गुंतलेले असताना, इंद्रकुमारनं कारखान्यातली भट्टी पेटवली. एरवी कट्टे शेकायला मंद निखारा लागायचा. आज त्यानं मोठी लाकडं घातली. दुर्गेश्वरी पोती ओढून आणत होती, तो बऱ्या हातानं कट्टे आत टाकत होता. तंबाखूचा धूर इतका उग्र होता की दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फाटकाशी ऑटो थांबला. श्यामलाल उतरला. मागून ऑटोवाल्यानं लेबलांचे गठ्ठे उतरवले, एकावर एक, बरेच. श्यामलालचा उजवा हात पोटाशी धरलेला होता, अंगठा, करंगळी आणि मधलं एक ताठ बोट.

"बाजारात जाळता येत नाही," तो दुर्गेश्वरीकडे पाहून म्हणाला. "शेजारी तक्रार करतात. रद्दीवाला घेत नाही, त्याले बी भेव वाटते चित्राचं. अठी भट्टी आहे म्हणून आणले."

दुर्गेश्वरीनं इंद्रकुमारकडे पाहिलं. तो भट्टीच्या तोंडापासून बाजूला सरकला.

दोघं टाकत राहिले. एक उजव्या हातानं, कारण त्याचा डावा खांदा वर जात नव्हता. दुसरा डाव्यानं. कागद पेटायला वेळ लागत होता. गठ्ठा आधी कडांनी काळा पडायचा, मग उलगडायचा, आणि एकेक माणूस गळ्यापासून जळत वर जायचा. चेतना आता छापखाना चालवते, श्यामलालनं कोणी न विचारताच सांगितलं. पात्यापुढं जाळी बसवलीय. बिडीचं काम घेत नाही ती. तिच्यासाठी तिरोड्याचं स्थळ आलं होतं, ते मागं फिरलं. पोरीनं माणूस झोडपला हे तिथपर्यंत पोचलं होतं.

"त्याईले सांग ना, मी मशीनवरून पडलो म्हणून," इंद्रकुमार म्हणाला.

"ती सांगू देत नाही. म्हणते, मारलं तं मारलं."

शेवटचा गठ्ठा गेला. श्यामलालनं लोखंडी सळईनं आत ढवळलं. आग त्याच्या तोंडावर आली तरी तो मागं झाला नाही. सळई हातात तशीच तापत होती.

"एक विचारतो," तो म्हणाला. "हात दिसला होता ना तुले?"

दुर्गेश्वरी पोतं घडी करता करता थांबली. इंद्रकुमारनं सळईच्या लाल टोकाकडे पाहिलं. 'नाही' तर तो आजवर हजारदा मनात म्हणून चुकला होता. झोपेत, जेवताना, काठी टेकत चालताना.

"दिसला होता," तो म्हणाला.

श्यामलालनं मान हलवली. सळई उचलली. दुर्गेश्वरीच्या तोंडून "भाऊजी!" निघालं आणि इंद्रकुमारनं डोळे मिटले. डोळे मिटलेलेच ठेवून तो उभा राहिला, हात न उचलता. सळई कारखान्याच्या भिंतीवर आदळली, पुन्हा आदळली, आणखी एकदा. विटांचे टवके उडून त्याच्या गालाला लागले. मग ती फरशीवर खणखणत पडली.

डोळे उघडले तेव्हा श्यामलाल फाटकाबाहेर पोचला होता. ऑटो वळला आणि गोंदियाच्या दिशेनं गेला.

त्यानंतर तो आला नाही. इंद्रकुमारनं दिवाळीत कारखान्याची जागा एका तांदळाच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिली आणि त्याच्याकडेच पोती मोजायला लागला. व्यापारी आपल्या नावाच्या छोट्या पिशव्यांत तांदूळ भरून विकायचा. एक दिवस पिशवीवर आणखी काहीतरी छापायचा नियम आल्याचं ऐकून तो वैतागला आणि इंद्रकुमारला म्हणाला, "बिसेनजी, गोंदियात कोणी ओळखीचा छापखानावाला आहे का? तुमचं तर जुनं काम होतं."

इंद्रकुमारनं त्याला बाजारातला पत्ता सांगितला. दुकानाचं नाव सांगितलं. "मुलगी बसते तिथं," तो म्हणाला. "काम चांगलं करते. पण मायं नाव सांगू नका."